दुव्यावर थांबलेला बाण

नववीच्या वर्गात मराठीच्या तासाला 'दुवा' हा शब्द आला. नदीवरचा पूल दोन गावांना जोडणारा दुवा होता, अशा अर्थाचं वाक्य होतं. मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, दुवा मतलब दुआ ना?" वर्ग हसला. मला हसू आलं नाही, कारण मुलाचं काही चुकलं नव्हतं. उर्दूतली दुआ मराठीत आली ती 'दुवा' होऊनच. फकीर दुवा देतो, आई दुवा मागते. दोन गोष्टी जोडणारा सांधा, तोही दुवा. मी फळ्यावर दोन्ही अर्थ लिहिले. दुसरा एक जण म्हणाला, "और व्हॉट्सअ‍ॅप पे आती वो लिंक?" म्हटलं, तिलाही मराठीत दुवाच म्हणतात. मुलांना ते फार आवडलं.

त्याच आठवड्यात एका विद्यार्थिनीची अम्मी शाळेत आली. शिष्यवृत्तीचे अर्ज भरायचे दिवस होते. त्यांच्या फोनवर कुणीतरी पुढे ढकललेला एक संदेश आला होता. शिष्यवृत्तीचं सरकारी नाव आणि खाली निळ्या अक्षरांचा दुवा. त्यांनी दुवा दाबला, मुलीची माहिती भरली, 'नोंदणी शुल्क' भरलं. पैसे गेले. शिवणकाम करून साठवलेले अठराशे रुपये होते ते. "सर, उसपे तो सरकारी नामच लिखा था ना," एवढंच त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. बरोबर होतं त्यांचं. दुव्यावर सरकारी नावच लिहिलेलं होतं. दुवा जात मात्र दुसरीकडेच होता.

मी संगणकाचा शिक्षक नाही. उर्दू आणि मराठी शिकवतो. पण कॉलेजात असताना, पंचवीस वर्षांपूर्वी, जालावरची पानं बनवायचा नाद मला लागला होता आणि त्यातलं एक छोटंसं तंत्र मी तेव्हा बरंच घोटलं होतं. दुव्यावर माउसचा बाण नेला, अजून बटण दाबलेलं नाही, तेवढ्यात काय घडावं, हे ठरवण्याचं तंत्र. त्या अम्मींचं बोलणं ऐकताना मला तेच आठवत राहिलं. दुवा दाबण्याआधीच्या त्या क्षणाचा इतिहास आज सांगतो.

रकाब आणि हाशिया

दुवा ही गोष्ट संगणकाने शोधलेली नाही. जुन्या फारसी-उर्दू हस्तलिखितांत पानाच्या तळाशी, कोपऱ्यात, एक सुटा शब्द लिहिलेला दिसतो. पुढचं पान ज्या शब्दाने सुरू होतं तोच तो शब्द. पानं विस्कटली तरी बांधणाऱ्याला क्रम लावता यावा आणि वाचणाऱ्याला पान उलटण्याआधी पुढचं कळावं, म्हणून ही सोय. तिला 'रकाब' म्हणत. रकाब म्हणजे घोड्यावर चढताना ज्यात पाय ठेवतात ती कडी. मराठीत तीच 'रिकीब' झाली. पाय रिकिबीत आहे, अजून स्वार झालेलो नाही. बाण दुव्यावर आहे, अजून दाबलेलं नाही, या अवस्थेला यापेक्षा चांगला शब्द मला सुचत नाही.

दुसरी सोय हाशियाची. मदरशात शिकवल्या जाणाऱ्या जुन्या छापाच्या किताबांत मधोमध मूळ मजकूर असतो, त्याला मतन म्हणतात. चारी बाजूंना बारीक अक्षरांत टीपा, तो हाशिया. मतनमध्ये शब्दावर छोटा आकडा आणि हाशियात त्याच आकड्यापुढे खुलासा. वाचणारा मतन न सोडता नुसती नजर बाजूला नेतो, अर्थ घेतो आणि परत येतो.

या दोन्ही सोयींच्या मुळाशी विश्वास होता. रकाबचा शब्द आणि पुढच्या पानाचा पहिला शब्द जुळला नाही, तर मधलं पान गहाळ आहे किंवा कुणी हात लावला आहे, हे लगेच कळायचं. आमच्या शहरापासून जवळच असलेल्या पैठणला संत एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ.स. १५८४ मध्ये, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. नकलांमधून पाठ बिघडत गेला होता. पुढे कुणी त्यात आपली भर घालू नये अशी ताकीदही त्यांनी दिली. जे लिहिलं आहे तेच वाचणाऱ्यापर्यंत पोचावं ही काळजी तेव्हाही होती.

आकड्यापासून बाणापर्यंत

'हायपरटेक्स्ट' हा शब्द टेड नेल्सन यांनी १९६५ मध्ये वापरात आणला. एका मजकुरातून दुसऱ्या मजकुरात उडी मारता येईल असं लिखाण, हा त्याचा अर्थ. डग्लस एंगेलबार्ट यांनी ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोमध्ये भर सभेत माउस चालवून दाखवला. त्याच प्रात्यक्षिकात एका मजकुरातून जोडलेल्या दुसऱ्या मजकुरावर जाणंही होतं. म्हणजे माउस आणि दुवा लोकांसमोर एकदमच आले.

१९८० च्या दशकात अमेरिकेतल्या मेरीलँड विद्यापीठात बेन श्नायडरमन यांच्या गटाने 'हायपरटाइज' नावाची प्रणाली बनवली. तिच्यात एक गंमत होती. उठून दिसणारा शब्द निवडला की आधी पडद्याच्या तळाशी त्याचा थोडक्यात अर्थ यायचा. वाटलं तर पूर्ण लेखाकडे जायचं, नाहीतर आहे तिथेच वाचत राहायचं. आपल्या हाशियाचंच हे काम.

टिम बर्नर्स-ली यांनी मार्च १९८९ मध्ये स्वित्झर्लंडच्या सर्न संस्थेत जगव्यापी जालाचा प्रस्ताव मांडला. १९९१ मध्ये ते जगासाठी खुलं झालं. तेव्हा बहुतेकांकडे माउस चालेल असे पडदे नव्हते. म्हणून निकोला पेलो या विद्यार्थिनीने साध्या अक्षरी पडद्यावर चालणारा ब्राउझर लिहिला. त्यात प्रत्येक दुव्यापुढे कंसात आकडा यायचा आणि तो आकडा टाइप केला की दुवा उघडायचा. जालाच्या सुरुवातीच्या दिवसांत दुवा असा हाशियाच्या आकड्यासारखाच दिसत होता.

१९९३ मध्ये इलिनॉय विद्यापीठातल्या संस्थेतून मार्क अँड्रिसन आणि एरिक बिना यांचा मोझेक ब्राउझर आला. निळी, खाली रेघ असलेली अक्षरं म्हणजे दुवा ही ओळख त्याने घरोघरी पोचवली. पाठोपाठ नेटस्केप आला. बाण दुव्यावर नेला की त्याचा हात व्हायचा आणि खिडकीच्या तळाशी एका पट्टीत तो दुवा कुठे जातो, त्याचा पूर्ण पत्ता दिसायचा. या पट्टीला स्टेटस बार म्हणत. आपली रकाब पुन्हा पानाच्या तळाशी आली होती.

दहा दिवसांची भाषा

मे १९९५ मध्ये नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक यांनी दहा दिवसांत एका नव्या भाषेचा पहिला नमुना तयार केला. आधी नाव मोका, मग लाइव्हस्क्रिप्ट, आणि ४ डिसेंबर १९९५ च्या घोषणेत जावास्क्रिप्ट. ब्राउझरच्या आतच चालणारी ही भाषा होती. योगायोग असा की त्याच वर्षी १५ ऑगस्टला विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं.

या भाषेत पानावर घडणाऱ्या गोष्टींना 'इव्हेंट' म्हणतात. बाण दुव्यावर आला, ही एक घटना. तिचं नाव 'माउसओव्हर'. दुव्याच्या खुणेत 'ऑनमाउसओव्हर' लिहायचं आणि त्यापुढे अवतरणचिन्हांत काय करायचं ते सांगायचं. सगळ्यात जास्त वापरलेली ओळ अशी होती: विंडो डॉट स्टेटस बरोबर अमुक मजकूर, आणि शेवटी 'रिटर्न ट्रू'. तळाच्या पट्टीत पत्त्याऐवजी आपण दिलेला मजकूर दिसायचा. 'रिटर्न ट्रू' म्हणजे ब्राउझरला सांगणं की तू तुझं नेहमीचं काम करू नकोस, माझं ऐक. ते दोन शब्द विसरले की पट्टीत पत्ताच दिसायचा. नवशिके तासन् तास तिथे अडकायचे. मीही अडकलो आहे.

पहिल्या आवृत्तीत एक मोठी उणीव होती. बाण दुव्यावर आल्याची घटना होती, निघून गेल्याची नव्हती. त्यामुळे पट्टीतला मजकूर तिथेच चिकटून राहायचा. लोक मग घड्याळ लावायचे, इतक्या सेकंदांनी पट्टी पूस म्हणून. ऑगस्ट १९९६ मध्ये नेटस्केपची तिसरी आवृत्ती आली. तिच्यात 'माउसआउट' ही घटना आली आणि पानावरचं चित्र न थांबता बदलण्याची सोयही आली. बाण आला की एक चित्र काढून दुसरं ठेवायचं, बाण गेला की पहिलं परत. याला 'रोलओव्हर' म्हणत. पुढची काही वर्षं जगभरच्या पानांवर बटणं चमकत राहिली ती या युक्तीने.

आणि इथेच पहिली फट पडली. जी पट्टी खरा पत्ता दाखवायची, तिच्यात आता पान बनवणारा हवं ते लिहू शकत होता. पट्टीत एक पत्ता, दाबल्यावर दुसरीकडे. बहुतेकांनी तिथे 'सुस्वागतम' वगैरे लिहिलं. पण फसवायचं असेल त्यालाही दार उघडं झालं.

उर्दूचं चित्र, मराठीचा फॉन्ट

२००० च्या सुमारास मी बी.ए. करत होतो. औरंगपुऱ्यात एका सायबर कॅफेत बसायचो. आमच्या मोहल्ल्यातल्या छोट्या वाचनालयासाठी मोफत जागेवर एक पान बनवायचं मनात घेतलं. पान उर्दू आणि मराठी, दोन्हींत हवं होतं. हौस मोठी होती, पण अडचण लिपीपासूनच सुरू झाली.

उर्दू नस्तालीकमध्ये लिहिली जाते. त्यात अक्षर उजवीकडून डावीकडे जातानाच वरून खाली उतरतं आणि शेजारी कोण आहे यावर आपला आकार बदलतं. १९८१ मध्ये लाहोरच्या 'जंग' दैनिकाने मिर्झा अहमद जमील यांच्या नूरी नस्तालीकच्या आधारे संगणकावर छपाई सुरू केली. पुढे १९९४ पासून इनपेज आलं आणि आपल्याकडच्या उर्दू छापखान्यांनाही ते मिळालं. पण ही सोय कागदापुरती होती. ब्राउझरला नस्तालीक लिहिता येत नव्हतं. त्यामुळे तेव्हाची उर्दू वर्तमानपत्रं जालावर पानाचं चित्रच टाकायची. शब्द म्हणजे चित्र.

चित्राचा दुवा केला की ब्राउझर त्याच्या अक्षरांचा रंग बदलू शकत नाही. म्हणजे उर्दू दुव्यावर बाण आल्यावर काही घडवायचं तर एकच उपाय होता: जावास्क्रिप्टने चित्र बदलणं. इंग्रजीवाल्यांसाठी जी सजावट होती, ती उर्दूसाठी दुवा ओळखण्याची जवळजवळ एकमेव खूण होती. मी इनपेजमध्ये 'किताबें' लिहिलं, पडद्याचं छायाचित्र घेतलं, पेंटमध्ये कापलं. मग तोच शब्द हिरव्या रंगात, दुसरं चित्र. बाण आला की काळा शब्द हिरवा व्हायचा. निदान तशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात बाण आला की शब्दच नाहीसा व्हायचा आणि काही क्षणांनी हिरवा उगवायचा. मोडेमच्या त्या वेगावर दुसरं चित्र तेव्हा कुठे मागवलं जात होतं! पान उघडतानाच दोन्ही चित्रं आणून ठेवायची असतात हे मला नंतर कळलं. चूक माझीच होती.

मराठीची गत थोडी बरी होती, फार नाही. तेव्हा प्रत्येक मराठी संकेतस्थळाचा आपला फॉन्ट असायचा. तो उतरवून घेतला तरच मजकूर दिसायचा, नाहीतर रोमन चिन्हांचा चिवडा. मी मराठी दुव्यासाठी स्टेटस बारमध्ये मराठी वाक्य टाकलं, तर तिथे चिवडाच आला. कारण ती पट्टी ब्राउझरची, तिचा फॉन्ट ठरलेला. पानावर 'वाचनालय' आणि पट्टीत अर्थ नसलेली चिन्हं. शेवटी मी दोन्ही भाषा रोमन लिपीत लिहिल्या. आपलीच भाषा दुसऱ्याच्या अंगरख्यात बघायची ती सवय आमच्या पिढीला फार लवकर लागली. पुढे युनिकोड सगळीकडे पोचलं, २००८ च्या सुमारास जमील नूरी नस्तालीक आला, आणि उर्दू शब्द जालावर अखेर शब्द झाला.

तरी एक गोष्ट शिल्लक होती, खालची रेघ. इंग्रजी अक्षरांच्या पायाशी फारसं काही नसतं. उर्दूत 'बे'चा नुक्ता खाली, 'पे'चे तीन खाली, 'जीम' आणि 'चे'चे पोटात. निळी रेघ नेमकी त्यांच्यातून जायची आणि नुक्ता गिळायची. नुक्ता गेला की अक्षर बदलतं, हे उर्दूच्या पहिलीतल्या मुलालाही माहीत असतं. मराठीतही 'कु' आणि 'कृ' यांचा फरक रेघेखाली झाकला जातो. म्हणून आपल्याकडच्या पान बनवणाऱ्यांनी एक सोपा तोडगा काढला: एरवी रेघ काढून टाकायची, रंग ठेवायचा, आणि बाण आल्यावरच रेघ दाखवायची. अलीकडे ब्राउझर रेघ खाली सरकवू देतात आणि अक्षर आडवं आलं तर रेघ तोडतातही.

जावास्क्रिप्टकडून काम गेलं

मे १९९८ मध्ये सीएसएस या सजावटीच्या भाषेची दुसरी आवृत्ती आली. तिच्यात 'होव्हर' ही अवस्था होती. दुव्याचा रंग बाण आल्यावर कसा असावा, हे आता एका ओळीत सांगता येऊ लागलं, जावास्क्रिप्ट नको. मायक्रोसॉफ्टच्या चौथ्या ब्राउझरने १९९७ मध्येच हे दुव्यांपुरतं दिलं होतं. नेटस्केपच्या चौथ्या आवृत्तीत ते नव्हतं. त्यामुळे बरीच वर्षं एकच पान दोनदा लिहावं लागे. क्रमही पाळावा लागतो: आधी न पाहिलेला दुवा, मग पाहिलेला, मग बाण आलेला, शेवटी दाबलेला. क्रम चुकला तर नंतरचा नियम आधीच्यावर बसतो आणि बाण आल्याचा रंग दिसतच नाही.

जावास्क्रिप्टकडे मग जास्त अवघड कामं आली. दुव्यावर थांबल्यावर छोटी चौकट उघडून आतला सारांश दाखवणं, हे त्यातलं मुख्य. त्यातही खाचखळगे आहेत. दुव्याच्या आत चित्र असेल तर बाण अक्षरांवरून चित्रावर गेला तरी 'माउसओव्हर' पुन्हा घडतं. मूल शाळेतच आहे, फक्त एका वर्गातून दुसऱ्या वर्गात गेलं, तरी फाटकावरचा शिपाई पुन्हा हजेरी मांडतो तसं. त्यासाठी 'माउसएंटर' वापरतात. ते फाटकातून आत येतानाच मोजतं. चौकट लगेच उघडू नये, जरा थांबून उघडावी, नाहीतर पानावरून जाणारा बाण सगळीकडे चौकटी उधळतो. उर्दू पानावर ती डावीकडे उघडावी. कळफलकाने पान वाचणाऱ्यालाही तीच माहिती मिळावी. जून २०१८ च्या आंतरराष्ट्रीय सुगम्यता निकषांत तर स्पष्ट म्हटलं आहे की अशी चौकट वाचणाऱ्याला बंद करता यावी, बाण तिच्यावर नेता यावा आणि ती आपोआप गायब होऊ नये. जिथे नजर ठरते तिथेच थांबणारा हाशिया, असाच याचा अर्थ.

स्टेटस बारची फटही ब्राउझरांनी बुजवली. आता आजकालच्या ब्राउझरांत विंडो डॉट स्टेटस लिहून पट्टीतला पत्ता झाकता येत नाही. पूर्ण भरवसा मात्र आजही ठेवू नये. बटण दाबण्याच्या क्षणी जावास्क्रिप्टने पत्ता बदलणं अजून शक्य आहे.

बोटाला बाण नसतो

२००७ मध्ये आयफोन आला आणि पाठोपाठ स्पर्शाचे स्वस्त फोन सगळ्यांच्या हातात. बोट काचेवर टेकलं की दाबलंच जातं. वर तरंगत थांबणं नाही. पान बनवणाऱ्यांसाठी 'या यंत्रात होव्हर आहे का' हे विचारायची सोयही सीएसएसमध्ये आली, पण वाचणाऱ्याची रिकीब गेली ती गेलीच. पाय ठेवायची जागाच नाही, उडी मारूनच घोड्यावर बसायचं. आमच्या विद्यार्थ्यांच्या घरांत संगणक जवळजवळ नाहीत, फोन आहेत. दुवा दाबण्याआधी तो कुठे जातो ते बघायचं असतं, हे त्या अम्मींना कोण सांगणार होतं? त्यांनी बाण कधी पाहिलेलाच नाही.

म्हणून मी वर्गात आता एक अर्धा तास यासाठी ठेवला आहे. फोनवर दुवा पटकन दाबायचा नाही, बोट दाबून धरायचं. बहुतेक फोनांत पूर्ण पत्ता दिसतो. तो पत्ता वाचायचा कसा, हे मात्र मी उर्दूच्या तासाला शिकवतो. पत्त्यातली पहिली एकेरी तिरकी रेघ शोधा आणि तिथून उजवीकडून डावीकडे वाचा, उर्दूसारखं. राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलचा पत्ता 'स्कॉलरशिप्स डॉट गव्ह डॉट इन' असा आहे. उजवीकडून वाचला तर आधी 'इन', मग 'गव्ह', मग 'स्कॉलरशिप्स'. आधी देश, मग सरकार, मग खातं. फसव्या पत्त्यात 'गव्ह' आणि 'इन' हे शब्द असतात, पण डावीकडे, सुरुवातीला. उजव्या टोकाला दुसरंच काही असतं. डावीकडून वाचणारा फसतो.

पहिल्या दिवशी मी फळ्यावर दोन पत्ते लिहिले, एक खरा आणि एक बनावट. ज्या मुलाने 'दुवा मतलब दुआ ना' विचारलं होतं, त्याने सगळ्यांत आधी हात वर केला आणि बनावट पत्ता उजव्या टोकापासून बरोबर वाचून दाखवला. त्या अम्मींचे पैसे परत आलेले नाहीत. तक्रार नोंदवली आहे. त्यांच्या मुलीचा खरा अर्ज आम्ही शाळेच्या संगणकावर बसून भरला. दुव्यावर बाण नेऊन मी थांबलो आणि तळाच्या पट्टीत आलेला पत्ता त्यांना वाचून दाखवला. त्यांनी तो स्वतःही हळूहळू वाचला, उजवीकडून. मग म्हणाल्या, "अब दबाओ, सर."